अडीच ग्रॅमचा खुराक

आमच्या जिमच्या काउंटरवर एक स्वयंपाकघरातला काटा असतो. नवीन येणाऱ्यांना वाटतं, हा डबा मोजायला. तसा तो डब्यासाठीच आणला होता, पण त्यावर मी सगळ्यात जास्त वेळा ठेवली ती एकच वस्तू, नोरीची शीट. काळपट हिरवी, कागदासारखी, उजेडात धरली की आरपार दिसणारी, वहीच्या पानाएवढी. काट्यावर टाकली की आकडा एकदम वर जात नाही, जरा विचार करतो आणि 2 किंवा 3 वर थांबतो. सरासरी अडीच ग्रॅम.

मागच्या रॅकवर आमच्या सगळ्यात छोट्या प्लेट्स लटकलेल्या असतात, अडीच किलोच्या. बारच्या दोन्ही बाजूंना एकेक चढवली की पाच किलो वाढतात, आणि या पाच किलोंसाठी बायका माझ्याकडे कधी सहा-सहा आठवडे घाम गाळतात. अडीच हा आकडा त्यामुळे माझ्या रोजच्या बोलण्यातला.

नोरी आणली ती जपानवाल्यानं. तो मूळचा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला. टोकियोच्या निशी-कासाईत, जिथं भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथं पाच वर्षं संगणकाची नोकरी करून परत आलेला. त्यानं दहा शीटचं पाकीट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, व्हे बंद करतो. यात चाळीस टक्के प्रोटीन आहे. अंड्यात तेरा टक्के असतं.”

खोटं काहीच नव्हतं. नोरी ज्या तांबड्या शेवाळापासून करतात, त्याच्या कोरड्या वजनात तीस ते चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं सापडतात. मी शीट काट्यावर ठेवली आणि त्यालाच हिशेब करायला लावला. अडीच ग्रॅमचे चाळीस टक्के म्हणजे एक ग्रॅम. एका अंड्यात सहा. म्हणजे सहा शीट खाल्ल्या की एक अंडं झालं. सत्तर किलोच्या माणसाला वजनं उचलायची असतील तर दिवसाला एकशे दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, तेव्हा दिवसाला अकरा पाकिटं. आणि शिवाय शेवाळाच्या पेशींभोवती तंतूंची अशी जाड भिंत असते की त्यातलं सगळं आपल्या अंगी लागतही नाही. नोरीतली विशिष्ट साखर मोडणारं विकर जपानी लोकांच्या आतड्यांतल्या जीवाणूंत सापडलं, ते त्यांना समुद्रातल्या जीवाणूंकडून मिळालं, असं एक संशोधन 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं. पिढ्यानपिढ्या खाल्ल्यावर पोटालाही ओळख होते म्हणायची. कोल्हापूरच्या पोटाची ओळख कटाशी.

जपानवाला हसला आणि पाकीट काउंटरवरच सोडून गेला. पोरापोरींनी ते वेफर्ससारखं संपवलं. चव बरी लागली सगळ्यांना.

टक्का सांगायचा आणि वजन लपवायचं, ही युक्ती मला खरं तर लहानपणापासून ओळखू यायला हवी होती. वडील आणि थोरला भाऊ तालमीत जायचे. आमच्या घरी खुराक म्हणजे बदामाची थंडाई, दूध आणि तूप. वस्ताद बदाम मुठीनं नाही, मोजून द्यायचे. शंभर म्हणजे शंभर. आई ते रात्री भिजत घालायची आणि पहाटे कुंडीत घोटायची. मला त्यातलं काही मिळायचं नाही, कारण पोरीच्या जातीला खुराक कशाला, पण बदाम सोलायचं काम माझंच होतं. म्हणून आकडा माझ्या बोटांत बसलाय. अंग आंबलं की वस्तादांचा इलाज ठरलेला होता, तेलानं मालिश, पोटभर जेवण आणि दुपारची झोप. आज मी पॉवरलिफ्टिंग शिकवते, हातात घड्याळ आहे, वहीत तक्ते आहेत, आणि मालिश सोडलं तर मी यात फार काही भर घालू शकलेले नाही. स्नायूला मार बसतो, तो भरून निघायला प्रथिनं लागतात, एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम तरी, आणि झोप. बाकी सगळं मिठामिरचीएवढं.

हे एवढं माहीत असूनही मी चुकले. ती गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते.

माझ्याकडे एक मुलगी यायची. तिला सगळे बँकवाली म्हणत, कारण ती साडेपाचला बँकेतून थेट यायची, गळ्यात ओळखपत्र तसंच. वय चौतीस, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. वर्षभरात तिनं रिकाम्या बारपासून सत्तर किलोचा स्क्वॉट केला, पाच रेप. माझ्या बॅचमधली सगळ्यात नेमाची बाई. गणपती झाल्यावर एक दिवस ती हिरवट डबा घेऊन आली. डब्यावर लाट, लाटेतून वर आलेला दंड आणि ‘मसल रिकव्हरी’ अशी मोठी अक्षरं. आत केल्पची पावडर. केल्प म्हणजे थंड समुद्रातलं तपकिरी शेवाळ, जपानी लोक ज्यातल्या एका जातीला कोम्बू म्हणतात.

“मॅडम, घेऊ का? पाय फार भरून येतात.”

मी डबा हातात घेतला, पुढची बाजू वाचली, मागची वाचली नाही. म्हटलं, “वनस्पतीच आहे. घे, काय होतंय.”

दिवाळीपर्यंत काही कळलं नाही. डिसेंबरात ती पासष्टवर अडखळायला लागली. मी म्हटलं, झोप कमी पडतीय. एक आठवडा वजनं हलकी केली. परत चढवायला गेलो तर साठला चौथ्या रेपमध्ये बार खाली बसला आणि आम्ही दोघींनी मिळून तो उचलून रॅकवर ठेवला. पायात गोळे येतात म्हणायची. थंडी वाजते म्हणायची, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं बनियनवर असताना ही स्वेटर घालून वॉर्मअप करायची. वजन दोन-अडीच किलो वाढलेलं. अंग आंबलं की पूर्वी दोन दिवसांत सुटायचं, आता पाच दिवस. त्यावर तिनं आपल्या परीनं उपाय केला, पावडरीचा चमचा एकावरून दोनवर नेला. मला सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? आणि मी काय केलं? एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “नेम सुटला की असंच होतं.” तिचा नेम एक दिवस सुटला नव्हता. हजेरीची वही माझ्याच टेबलावर होती.

जानेवारीत तिनं रक्त तपासलं. टीएसएच चौदा. साधारण चारच्या आत असावा लागतो. शिवाय सीके नावाचं एक एन्झाइम वाढलेलं, जे स्नायू दुखावले की रक्तात उतरतं. घरच्या डॉक्टरांनी विचारलं, “डेडलिफ्ट वगैरे करता ना? मग त्याचंच असेल,” आणि खरंच, जड व्यायामानं ते वाढतंच. पण आठ दिवस व्यायाम बंद ठेवून पुन्हा तपासलं तरी ते म्हणावं तसं उतरलं नाही. मग तिला थायरॉइडच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बरोबर मी गेले. अपराधी वाटत होतं म्हणून नाही, तोवर मला माझा अपराध कळलाच नव्हता. मला भीती होती, डॉक्टर वजन उचलणं बंद करायला सांगतील.

त्या डॉक्टरबाईंनी व्यायामाचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “गेल्या सहा महिन्यांत नवीन काय सुरू केलंत? गोळी, काढा, पावडर, काहीही.” बँकवालीनं पिशवीतून डबा काढला. बाईंनी तो सरळ उलटा केला आणि मागची बाजू वाचायला लागल्या. मला तो क्षण अजून दिसतो. नऊ महिने कॉलेजात पोषणशास्त्र शिकलेली मी, आणि डबा उलटा करायचं मला सुचलं नव्हतं.

मागे लिहिलं होतं, ‘नैसर्गिक आयोडीनयुक्त’. किती, ते नव्हतं.

परतताना मी गाडीत हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं सुमारे 150 मायक्रोग्रॅम. आपल्या घरच्या आयोडीनच्या मिठातून त्यातलं बरंचसं येतंच. कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम सहज असू शकतं, दुसऱ्या जातीत काही शेकड्यांत असतं. आपण अगदी कमी धरू, ग्रॅमला पाचशे. चमचा तीन ग्रॅमचा. दोन चमचे म्हणजे सहा ग्रॅम, म्हणजे तीन हजार. गरजेच्या वीसपट, तेही कमीत कमी धरून. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा 1100 मानतात, युरोपात 600. नोरीत हे फार कमी असतं, एका शीटला पन्नास-शंभरच्या आसपास. नाव दोन्हीला शेवाळच. ज्वारी आणि ऊस दोन्ही गवतच म्हणण्यासारखं आहे ते.

आयोडीन कमी पडलं की थायरॉइड मंदावतो, हे शाळेत शिकलो होतो, हिमालयातल्या गलगंडाचा धडा होता. जास्त झालं तरी मंदावतो, हे त्या दिवशी डॉक्टरबाईंनी समजावलं. आयोडीनचा पूर आला की ग्रंथी आपलं काम थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी 1948 मध्ये हे दाखवलं. बहुतेकांची ग्रंथी काही दिवसांत पुन्हा चालू होते. पण ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीच फिरत असतात, त्यांची अडकून बसते. बँकवालीच्या रक्तात ती निघाली. तिच्या आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, हे तिनं मला पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहून दिलं होतं. आणि थायरॉइड मंदावला की पहिल्यांदा काय होतं? थकवा, गोळे, थंडी, स्नायूंची ताकद कमी, सीके वर. म्हणजे अंग लवकर सुटावं म्हणून घेतलेल्या पावडरीनंच अंग सुटेनासं केलं होतं, आणि अंग सुटेना म्हणून ती चमचा वाढवत होती.

“पण जपानी लोक तर रोज खातात,” मी डॉक्टरांकडे शेवटचा बचाव मांडला होता. बाई म्हणाल्या, खातात, आपल्यापेक्षा कितीतरी पट, आणि बहुतेकांना पचतं. पण होक्काइडोच्या किनाऱ्यावर कोम्बू भरपूर खाणाऱ्यांत गलगंड आढळल्याची नोंद 1965 सालापासून आहे. डोंगरात कमी म्हणून, किनाऱ्यावर जास्त म्हणून.

पावडर बंद केली. डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या. ते आठ आठवडे मी तिला चाळीस किलोवर ठेवलं आणि एकदाही नेमाबद्दल तोंड उघडलं नाही.

या मधल्या काळात मी भरपूर वाचलं, रागानं वाचलं म्हटलं तरी चालेल. शेवाळातल्या फ्युकॉयडानचं, पॉलिफेनॉलचं नाव घेऊन डब्यांवर जे छापतात, त्यातलं बरंचसं पेशींवर आणि उंदरांवर झालेलं. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान. स्पिरुलिना तर समुद्राचीच नाही, क्षारधर्मी पाण्याच्या टाक्यांत वाढवतात. तिच्यात प्रथिनं साठ टक्क्यांवर, पण गोळ्या खाणार किती? परत तीच शीट, तोच काटा. शाकाहारी माणसाला उपयोगाचं असं एकच मला पटलं, सूक्ष्म शेवाळातून काढलेलं डीएचएचं तेल. माशांच्या अंगात ते शेवाळातूनच तर येतं. पण तेही दंड फुगवायला नव्हे.

गंमत म्हणजे, नकळत शेवाळ आम्ही सगळेच पितो. तयार शेकच्या बाटलीमागे ‘कॅरागीनन’ किंवा 407 आकडा दिसला की समजायचं, दाटपणा तांबड्या शेवाळाचा. लांब पळणाऱ्यांच्या काही महागड्या पेयांत अल्जिनेट असतं, तेही तपकिरी शेवाळाचं. आणि माझ्या आईच्या फडताळातला चायना ग्रास, ज्याचं ती आंब्याच्या दिवसांत पुडिंग लावायची, तेही शेवाळच. त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. तरी त्या पुडिंगासाठी आम्ही भावंडं मारामारी करत असू.

जुलैत मालवणला मावशीकडे गेले. मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, काका पडवीत जाळं विणत बसलेले. ओहोटीला मी खडपांवर गेले. पावसाळ्यात तिथं खडकांना चिकटून पातळ, जांभळट, ओल्या प्लॅस्टिकसारखे तुकडे येतात, नोरीच्याच कुळातले, पॉरफायरा. पाय कुठं ठेवावा कळत नाही इतकं निसरडं. स्क्वॉट शिकवणाऱ्या बाईनं दोनदा बूड टेकलं. मूठभर खरवडून आणलं तर काकांनी जाळ्यातून मान वर काढली.

“ह्या खावक व्हया? आमच्या जाळ्यात इला तर आमी गाळी घालतंव!”

मावशीनं हुंगून बघितलं. “सुक्या सुंगटाचो वास येता.” मी ते तीन पाण्यांत धुतलं. रेती निघता निघेना. मुद्दाम नाल्यापासून, बंदरापासून लांबच्या खडकांवरचं घेतलं होतं, कारण शेवाळ पाण्यातले आर्सेनिक-कॅडमियमसारखे धातूही ओढून घेतं. मग तव्यावर खोबरेल तेलात कुरकुरीत केलं आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर चुरडून टाकलं. चव मिठाची, पण नुसत्या मिठाची नाही, मागून काहीतरी रेंगाळणारी. इकेडा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये कोम्बूच्या पाण्यातून जे ग्लुटामेट वेगळं काढलं, तीच ही रेंगाळणारी चव. पेज दोन वाट्या जास्त गेली. मावशीनं स्वतः मात्र पेजेबरोबर सुका बांगडा घेतला, आणि प्रथिनांच्या हिशेबानं तिनं मला कधीच मागे टाकलं होतं. तिला मी हे सांगितलं नाही.

मार्चमधलं सांगायचं राहिलं. बँकवालीचा टीएसएच साडेतीनवर आला होता. ती तो अर्धा उरलेला डबा घेऊन जिममध्ये आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, “याचं काय करू?” आमच्याकडे शिरोळकडचे एक ऊसवाले काका येतात, गुडघ्यासाठी. ते म्हणाले, “टाकताय कशाला? आमी उसावर शेवाळाचं औषध मारतोय की. फुटवा चांगला येतो.”

हे मात्र खरं. तमिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरमकडे बायका पाण्यात उतरून कप्पाफायकस नावाचं शेवाळ दोरांना, तराफ्यांना बांधून वाढवतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं त्याचा ताजा रस काढून पिकावर फवारायची पद्धत बसवली. इफ्कोची ‘सागरिका’ आमच्याकडच्या कृषी केंद्रांत मिळते. समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, पंचगंगेच्या काठी, शेवाळाचा खुराक खाऊन खरोखर कुणी जाड होत असेल तर तो ऊस.

“उसाला लागू पडतंय, मग माणसाला का नाही?” काकांनी विचारलं.

“काका, तुम्ही उसाला किती मारता?”

“पंपाला मापानं. डब्यावर लिहिलेलं असतंय.”

बँकवाली माझ्याकडे बघून हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पावडर ओतायला निघालो तर काकांनी हात धरला. मीठ असतंय त्यात, मुळं जळतील, आधी पाण्यात धुवून घ्या, आणि एवढं सगळं एकदम नको. मग बादली आणली, गाळलं, खारट पाणी मोरीत ओतलं आणि उरलेला हिरवा चोथा चमच्यानं कुंडीत घातला. एक चमचा. काकांनी बोट वर करून दाखवलं, एकच. बाकीचा डबा शेडच्या मागे तसाच आहे, झाकण लावलेला.

हात धुऊन बँकवाली बारखाली गेली. चाळीसचे पाच रेप सहज निघाले, पाठ सरळ, श्वास जागेवर. बार रॅकवर ठेवून ती वळली आणि मला न विचारता मागच्या खिळ्यावरून दोन छोट्या प्लेट्स काढून आणल्या.

“अडीच-अडीच,” ती म्हणाली. “चढवू?”

मी आधी वही उघडली, तिचा मागचा आठवडा बघितला, मग म्हटलं, चढव.